रूपालीचे बत्तीस सेकंद

१

हिमायतनगरच्या त्या स्टुडिओत आम्हाला सकाळी दहा ते एक एवढीच वेळ मिळायची. एकनंतर तिथे तेलुगू सिनेमांचं डबिंग चालायचं, म्हणजे मारामाऱ्या आणि रडारड. त्यामुळे आम्ही साडेनवालाच हजर व्हायचो. दिलीप ड्रम लावायचा. युसूफभाई आपला जाड तारांचा, माणसापेक्षा उंच बेस भिंतीला टेकवून आधी निवांत चहा प्यायचे. मी पियानोच्या पट्ट्या रुमालाने पुसायचो, कारण आदल्या दिवशीच्या डबिंगवाल्यांनी त्यावर भज्यांच्या पुड्या ठेवलेल्या असायच्या. काचेपलीकडच्या खोलीत नरसिंग टेपची चकरी चढवायचा आणि गळ्यातलं स्टॉपवॉच शर्टाला घासायचा. ते त्याच्या वडिलांचं होतं.

मी जाझ वाजवतो. अंबरपेठेत हे सांगून काही उपयोग नसतो. आई नातेवाइकांना ‘पोरगा हॉटेल लाइनमध्ये आहे’ असं सांगते, आणि नांदेडचे मामा मला अजून आचारी समजतात. पण पंच्याण्णव साल तसं मजेचं होतं. घराघरांत केबल आली होती, लोकांना रोज काहीतरी नवं लागायचं, आणि मुंबईच्या एका कॅसेट कंपनीला माझ्या रचनांचा आख्खा अल्बम काढायचा होता. कमरेला पेजर लावलेला त्यांचा माणूस त्याला ‘फ्यूजन’ म्हणायचा. म्हणू दे म्हटलं.

सात रचना होत्या. सहा तीन दिवसांत झाल्या. सातवीचं नाव ‘सहा नंबर’. अंबरपेठेतला आमचा बसस्टॉप. माझी धाकटी बहीण रूपाली तिथे क्लॅरनेटची पेटी मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसायची. ती गेल्यावर मी ही रचना लिहिली. मध्यभागी, जिथे तिने वाजवलं असतं, तिथे आठ आवर्तनं मोकळी ठेवली. तिघांनीही हात उचलायचे, मनात मोजायचं आणि नवव्या आवर्तनाला एकदम यायचं. लय संथ होती, मात्रेला एक सेकंद. चार मात्रांचं आवर्तन, आठ आवर्तनं, बत्तीस सेकंद. मी मान हलवून इशारा करायचा नाही असंही ठरलं होतं. ज्याने त्याने आपल्या मनात मोजायचं.

पहिल्याच टेकला मी नवव्या आवर्तनावर आलो आणि एकटाच पडलो. चार सेकंदांनी दिलीप आणि युसूफभाई आले. दोघं अगदी एका क्षणी.

२

“आठ की नऊ?” मी विचारलं.

“मी आठच मोजलो भाऊ,” दिलीप म्हणाला.

दिलीप मलकपेठचा. चौदा वर्षं माझ्याबरोबर वाजवतोय. बोलताना पण त्याचा पाय ठेका धरून असतो. असा माणूस चुकला की मी आधी स्वतःवर शंका घेतो. मी नरसिंगकडे बघितलं. त्याने काचेतून घड्याळ दाखवलं. मी बत्तिसाव्या सेकंदाला आलो होतो, ते छत्तिसाव्या.

दुसरा टेक. मी बत्तीस, ते चाळीस.

तिसरा. मी बत्तीस, ते चव्वेचाळीस.

आता चूक ही चुकीसारखी असते. एक जण आधी येतो, दुसरा मागून धडपडत येतो. इथे दोघं एका सुरीने पपई कापावी तसे एकत्र येत होते, आणि प्रत्येक वेळी पूर्ण आवर्तनानेच उशिरा. मी स्वतःला समजावलं की ते एकमेकांकडे बघून येतायत. एक लांबला की दुसरा त्याच्या मागे लांबतो. वर्षानुवर्षं एकत्र वाजवणाऱ्यांचं असं होतं. नवरा-बायको एकाच वेळी जांभई देतात तसं.

तरी मी चिडलो. मला चिडायला फार लागत नाही. “मोजता येत नसेल तर शाळेत जा,” असं मी युसूफभाईंना म्हणालो. साठ वर्षांच्या माणसाला. त्यांनी नुसतं हसून बेसच्या खांद्यावरची धूळ फुंकली.

चौथ्या टेकला अठ्ठेचाळीस झाले. एक वाजला. डबिंगवाल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, रडायच्या तयारीत.

३

रूपालीबद्दल सांगायला हवं. लांबवत होतो.

आमचे आजोबा परभणीकडे वरातींमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी ठरवलं की दुसऱ्याच्या दारात वाजवायला जायचं नाही, आणि आजोबांनी ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं ते कायमचं. वडील, दौलत त्यांचं नाव, हैदराबादला रेल्वेत लागले तेव्हा पेटी सोबत आली. वडिलांकडे सिकंदराबादच्या रेल्वे क्लबची देखरेख होती. तिथल्या म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बँडमास्तरने मला पियानो शिकवला. रूपालीला कुणी शिकवलं नाही. बाराव्या वर्षी तिने पेटी उघडली आणि सुरू केलं. आई घाबरून वडिलांकडे बघत राहिली. वडील म्हणाले, “कुणाच्या दारात नाही ना वाजवत. आपल्या मिरवणुकीत वाजवंल.” चौदा एप्रिलला ती ट्रकवर उभी राहून वाजवायची आणि सगळं अंबरपेठ मान वर करून बघायचं.

माझ्या बँडमध्ये ती दहा वर्षं होती. आमच्यात सगळ्यात चांगली तीच. हे मी तिला कधी म्हणालो नाही. उलट हॉटेलात तिचं वाजवणं रंगात आलं की मी मधेच पियानो घेऊन शिरायचो, कारण जेवणाऱ्यांना लांबण चालत नाही. ती क्लॅरनेट खाली घ्यायची आणि माझ्याकडे बघायची.

रेकॉर्डिंगच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये तिला ताप आला, डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी नव्या हॉटेलात चहाच्या वेळचं वाजवत होतो. समोर मुंबईचा तो पेजरवाला बसला होता, आम्हाला ऐकायला म्हणून आलेला. आईने दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या पीसीओवरून फोन केला. चिठ्ठी माझ्या हातात आली, मी वाचली. ‘लवकर या’ असं होतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि आणखी पाऊण तास वाजवलं.

अल्बम मिळाला तो त्या पाऊण तासावर. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढली होती. ती शेवटी काय बोलली हे आईने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. दीड वर्ष एका घरात राहून विचारलं नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी नरसिंगकडून जाड पडदे मागवून दिलीप आणि युसूफभाईंच्या मधे लावले. आता त्यांना एकमेकांचं नखही दिसत नव्हतं.

बावन्न सेकंद. दोघं एकदम.

“सार,” नरसिंग काचेमागून माइकवर म्हणाला, “मधे कोणीतरी श्वास घेतोय. टेपवर येतोय.”

आम्ही तिघं आत जाऊन ऐकलं. पियानो थांबतो, ड्रमच्या थाळीचा आवाज विरतो, मग हॉलची नुसती घरघर. आणि थोड्या वेळाने एक श्वास. झोपलेल्या माणसाचा नव्हे, दमलेल्याचाही नव्हे. ओठांच्या कोपऱ्यातून, पटकन, पोटापर्यंत भरून घेतलेला. मग शांतता. मग पुन्हा तसाच.

ज्याने फुंकणाऱ्या माणसाशेजारी दहा वर्षं काढलीत त्याला तो श्वास सांगावा लागत नाही. पण मी काय म्हणालो, तर, “दिलीप, तुला दमा झालाय का?”

“नाही की भाऊ.”

“मग एसी असेल.”

“एसी बंद आहे सार,” नरसिंग म्हणाला. “टेकला बंदच करतो.”

डोकं चालू होतं. पियानोच्या पॅडलमध्ये हवा अडकते, बाहेर रस्त्यावर बसचे ब्रेक सुटतात, टेप जुनी आहे. कारणं भरपूर होती आणि मी ती सगळी मनात ओळीने उभी केली.

पुढच्या टेकला मी पुन्हा बत्तीसला आलो. एकटाच वाजवतोय हे लक्षात येऊन थांबलो. तेव्हा पडद्यामागून युसूफभाई म्हणाले, अगदी मऊपणे:

“मियाँ, एक बात बोलूँ? गुस्सा नक्को होव. छोरी का पूरा होने के पहलेच तुम बीच में आ जारे.”

मी उठून पडदा बाजूला केला. “कुणाचं पूर्ण व्हायच्या आधी?”

ते माझ्याकडे बघत राहिले. डुलकीतून जागं केल्यावर माणूस बघतो तसे. कपाळाला घाम होता.

“क्या मालूम,” ते म्हणाले. “मुँह से निकल गया.”

दिलीप आपल्या काठ्यांकडे बघत होता. त्याला मी काही विचारलं नाही. त्याने खरं सांगितलं असतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होता तो हेवा. ती आलीच असेल, तर त्या दोघांना ऐकू येतं आणि मला येत नाही. माझी सख्खी बहीण. मग वाटलं, बरोबरच आहे. जन्मभर मी तिला पूर्ण करू दिलं नाही. इथेही बत्तिसाव्या सेकंदाला धाडकन शिरतोय. ऐकू कसं येणार?

५

तिसऱ्या दिवशी मी कुणाला काही न सांगता ठरवलं. आज मोजायचं नाही. तिचं पूर्ण होईपर्यंत हात मांडीवर ठेवायचे. दुपारचे बारा वाजले तरी चालतील, कंपनी बोंबलली तरी चालेल.

पडदे काढले. सुरुवात नेहमीसारखी झाली. ठरलेल्या जागी तिघांनी हात उचलले.

बत्तीस सेकंद गेले. मी हललो नाही. मिनिट गेलं. दोन गेली.

हॉलमध्ये उजेड होता, वरच्या झरोक्यातून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. मी दिलीपकडे बघितलं. तो पियानो आणि बेसच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होता, आणि त्याची मान हळूच डोलत होती, चांगलं वाजवणाऱ्याला आपण न बोलता दाद देतो तशी. युसूफभाई डोळे मिटून डोलत होते. मग त्यांच्या डोलण्यात काहीतरी बदललं. दिलीपची मान थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्या जागेकडे, पुन्हा माझ्याकडे. मी त्याला डोळ्यांनीच सांगितलं, थांब. होऊ दे तिचं.

आणि कान लावून बसलो. इतका की माझ्या मनगटातलं रक्त ऐकू येत होतं. श्वास ऐकू यायचा. पटकन, ओठाच्या कोपऱ्यातून. त्यानंतर जे यायला हवं ते माझ्यासाठी नव्हतंच.

पाचेक मिनिटांनी माझी नजर समोरच्या काचेवर गेली. काचेत नरसिंगची खोली दिसत होती आणि तिच्यावर आमच्या हॉलचं फिकट प्रतिबिंब. मी होतो, पियानोचं झाकण होतं, युसूफभाईंचा उंच बेस होता. आणि मधे, जिथे आम्ही खुर्ची मांडलीच नव्हती, तिथे कुणीतरी बसलेलं होतं. एक कोपर. मांडीवर आडवं ठेवलेलं काळं काहीतरी. चेहरा सांगता येणार नाही, उन्हात तो पुसल्यासारखा झाला होता. पण तो माझ्याकडे वळलेला होता, एवढं नक्की.

मी वळून बघितलं. फरशी आणि माइकची वायर.

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं तिचं. पूर्ण झालं म्हणून वाद्य खाली ठेवून बसलीय. माझ्याकडे बघतेय. मी हसलो सुद्धा. आणि तसाच हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, तिची मर्जी असेल तोवर.

काचेपलीकडे टेप संपली. मोकळं टोक चकरीवर फटफट आपटायला लागलं.

“किती?” मी विचारलं.

“अकरा मिनिटं सार.” नरसिंग म्हणाला.

“थांबवलं का नाहीस?”

“तेलियदु सार.” त्याला खरंच माहीत नव्हतं.

युसूफभाई तोंड फिरवून उभे होते. दिलीपचे डोळे लाल झाले होते.

“भाऊ,” तो म्हणाला, “तुम्ही आलेच नाही.”

“मुद्दामच,” मी म्हणालो. माझा आवाज आनंदाचा होता. “आज मी तिला थांबवलं नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो काठ्या पिशवीत भरायला लागला.

६

नरसिंगने त्या टेकची कॅसेट करून दिली. मी ती खिशात घालून घरी आलो. दीड वर्षात पहिल्यांदा मला भूक लागली होती.

आई स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. पंचफुला नाव तिचं, पण अलीकडे तिला कुणी नावाने हाक मारत नाही. ती माझं वाजवणं ऐकत नसे. म्हणे, तुझ्या गाण्याला ना बूड ना शेंडा. मी टेपरेकॉर्डर तिच्याजवळ नेऊन ठेवला.

“रूपालीचं आहे,” म्हणालो. “ऐक.”

पियानो सुरू झाला. ती गवार मोडत राहिली. मोकळी जागा आली आणि घरघर सुरू झाली. मला घरघर आणि मधे तो श्वास, एवढंच ऐकू येत होतं. मी आईकडे बघत होतो. तिचे हात थांबले. एक शेंग बोटात तशीच राहिली. बराच वेळ गेला. तिच्या चेहऱ्यावर मी जे शोधत होतो ते येईना.

“बंद कर,” ती म्हणाली.

मी बटण दाबलं.

“अस्संच,” ती म्हणाली. “दवाखान्यात दुपारभर अस्संच चाललं होतं तिचं.”

“काय?”

“भाऊ आला का. भाऊ आला का. मी म्हणायचे, निघालाय गं, पोचतोच हाय. मग गप पडायची. श्वास घ्यायची. पुन्हा तेच. भाऊ आला का.”

गॅसवर डाळ शिजत होती, तिची शिट्टी झाली. आईने उठून गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली.

“तू कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

“तू इचारलं कधी?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “तवा न्हवतास, ठीक हाय. कामात होतास. पण आता तर तिच्यापाशीच बसला होतास ना? इतकं इचारतीय लेकरू. ओ कामून दिली न्हाईस?”

“मला ऐकू येत नाही, आई.”

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतोय का हे बघत असावी. मग तिला पटलं, आणि ते पटताना मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

म्हणजे ती वाजवत नव्हतीच. सुरुवातीला असेलही थोडं. मग नुसतं विचारत होती. दिलीप आणि युसूफभाई आधीच्या टेकना मी तिला ओ देईन म्हणून वाट बघून शेवटी तिच्या वतीने येत होते, त्यांना तिची दया येत होती म्हणून. आणि मी अकरा मिनिटं तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून, मोठ्या मनाने, हसत बसलो होतो.

७

शेवटचा दिवस. मी नवालाच स्टुडिओच्या पायरीवर जाऊन बसलो. दोघं आल्यावर काही न बोलता सुरुवात केली. माझे दोन स्वर चुकले. मी थांबवलं नाही.

ठरलेल्या जागी तिघांनी हात उचलले.

मी श्वासाची वाट बघितली नाही. उठून उभा राहिलो आणि त्या मोकळ्या जागेकडे वळून मोठ्याने म्हणालो, “रूपाली, आलो मी. आलो गं.”

हॉलमध्ये माझाच आवाज घुमला. पियानोच्या तारा थोडा वेळ थरथरल्या आणि गप्प झाल्या.

दिलीप दचकून माझ्याकडे बघत होता. युसूफभाईंनी बेस छातीशी धरला.

“किससे बात कररे, मियाँ?”

“ऐकू येतंय ना तुम्हाला?” मी दिलीपला विचारलं. “काय म्हणतेय? सांग मला.”

“कोण, भाऊ?”

“काल येत होतं.”

“काल,” दिलीप म्हणाला आणि थांबला. त्याने कान दिला. माझ्यासाठी अगदी मनापासून दिला, मला दिसत होतं. “आज कुणी नाही भाऊ,” तो म्हणाला.

“सार, टेक खराब झाला,” नरसिंग माइकवर म्हणाला. “तुमचा आवाज आला.”

आम्ही पुन्हा घेतला. हात उचलले, मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. घरघर होती, श्वास नव्हता. नवव्या आवर्तनावर मी आलो आणि माझ्याबरोबर दिलीप आला, युसूफभाई आले. तिघं एकदम. रचना शेवटपर्यंत गेली. नरसिंगने काचेतून अंगठा दाखवला.

“थर्टी टू सार. करेक्ट. श्वास पण गेला.” चार दिवसांत पहिल्यांदा तो हसत होता.

“अजून एक घे,” मी म्हणालो.

घेतला. बत्तीस.

“अजून एक.”

युसूफभाई म्हणाले, “बस करो बेटा, बहुत अच्छा हुआ.” मी त्यांचे पाय धरायला वाकलो तेव्हा त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं आणि बेस पुन्हा घेतला. एक वाजेपर्यंत आम्ही असे सात टेक घेतले. डबिंगवाल्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या, कुणी घाई केली नाही.

त्या सातही टेकच्या टेप माझ्याकडे आहेत. सगळ्यांत ती जागा बत्तीस सेकंदांची आहे. कुणालाच उशीर झालेला नाही.